ईएसपी३२, आरएस-४८५ आणि गप्प बसलेला सेन्सर: उगावच्या बागेसाठीच्या प्रकल्प नोंदी

कशासाठी हे सगळं: मामांची द्राक्षबाग निफाड तालुक्यात उगावला आहे. काळी जमीन, डॉगरिज खुंटावर कलम केलेली थॉमसन जातीची द्राक्षं, सगळी बाग ड्रिपवर. पाणी कधी सोडायचं ते मामा मूठभर माती दाबून ठरवतात. लाडू वळला तर ओल आहे, फुटला तर ड्रिप चालू. पण हाताला कळते ती वरच्या वीतभर मातीची ओल, आणि मुळं त्याच्या खाली. म्हणून गोडी छाटणीच्या (फळं धरण्यासाठीच्या छाटणीच्या) आत जमिनीत सेन्सर पुरून त्याचे आकडे मामांच्या मोबाइलवर द्यायचे, हे काम मी अंगावर घेतलं. मी अंबडला एका पॅनल शॉपमध्ये वायरिंग करतो, राहायला सिडकोत. सुट्टी शनिवारी, त्यामुळे बऱ्याचशा नोंदी शनिवारच्या आहेत.

साखळी अशी: लॅपटॉप, यूएसबी केबल, बोर्डावरची सीएच३४० चिप (यूएसबी आणि सीरियल यांच्यातला दुभाषी), ईएसपी३२ (प्रोग्राम चालवणारी चिप), आरएस-४८५ मॉड्यूल (दोन तारांवरून लांबपर्यंत बोलणारं), दोन तारा, सेन्सर. यातलं काहीही बिघडलं तरी समोर एकच दिसतं, ते म्हणजे पडद्यावर काही येत नाही. माझे दीड महिने त्यातच गेले. तुमचे जाऊ नयेत म्हणून लिहून ठेवतोय.

१५ ऑगस्ट २०२४, गुरुवार

सुट्टीचा दिवस, सकाळीच बसलो. बोर्ड लावला, लाल दिवा लागला, पण लॅपटॉपमध्ये पोर्टच दिसेना. तासभर ड्रायव्हर शोधत बसलो. शेवटी केबल बदलली आणि पोर्ट आला. आधीची केबल स्वस्तातल्या चार्जरबरोबरची होती, तिच्यात फक्त वीज नेणाऱ्या दोन तारा होत्या. डेटाच्या हिरव्या आणि पांढऱ्या तारा नव्हत्याच. कापून बघितली म्हणून खात्रीने सांगतो. दिवा लागला म्हणजे केबल चांगली, असं धरू नका. जी केबल मोबाइलमधले फोटो लॅपटॉपवर नेते, तीच इथे वापरा.

१७ ऑगस्ट, शनिवार

पोर्ट येतो आणि लगेच जातो. बोर्ड लावला की एक क्षण नाव दिसतं, पुन्हा बघावं तर नाही. वाटलं यूएसबीचा सॉकेट लूज आहे. भिंगातून सोल्डर बघितलं, टोकं पुन्हा तापवली. फरक शून्य.

संध्याकाळी एम. जी. रोडला जाऊन दुसरा बोर्ड आणला, ४८० रुपये. त्याचंही तेच. दोन नवे बोर्ड एकाच प्रकारे खराब निघत नाहीत, हे दुकानात उभं असतानाच सुचायला हवं होतं.

२० ऑगस्ट, मंगळवार, रात्री

मामेभावाच्या विंडोजवाल्या लॅपटॉपवर दोन्ही बोर्ड पहिल्या झटक्यात चालले. म्हणजे दोष माझ्या लॅपटॉपमध्ये. माझ्याकडे उबुंटू २२.०४ आहे. कर्नलचे (सिस्टिमच्या गाभ्याचे) संदेश दाखवणारी 'डीमेसेज' कमांड चालवली तेव्हा कारण स्वच्छ लिहिलेलं सापडलं. बोर्ड लागताच सीएच३४१ ड्रायव्हर (सीएच३४० साठीही हाच) पोर्ट तयार करतो आणि दुसऱ्याच क्षणी 'बीआरएलटीटीवाय' नावाची सेवा तो स्वतःकडे ओढून घेते.

ही सेवा अंध वापरकर्त्यांच्या ब्रेल यंत्रांसाठी आहे. एका ब्रेल यंत्रातही हीच सीरियल चिप असल्यामुळे तिचा ओळख क्रमांक, १ए८६:७५२३, सेवेच्या यादीत आहे. तोच क्रमांक आपल्या स्वस्त बोर्डांचा. सेवेला वाटतं ब्रेल यंत्रच जोडलं. मी ती सेवा काढून टाकली आणि पोर्ट स्थिर झाला. तुमच्या घरी कुणी ब्रेल यंत्र वापरत असेल तर सेवा काढू नका. जोडलेली यंत्रं ओळखणाऱ्या यूडेव्हच्या नियमांच्या फाइलमध्ये त्या क्रमांकाची ओळ असते, तेवढी बंद केली की पुरतं.

त्यानंतर 'परवानगी नाही' असा संदेश आला. त्यासाठी आपलं नाव 'डायलआउट' गटात घालायचं आणि लॉगआउट करून परत यायचं. नुसतं टर्मिनल बंद करून उघडलं तर बदल लागू होत नाही, यात माझी आणखी वीस मिनिटं गेली.

हिशेब: तीन संध्याकाळी आणि एका बोर्डाचे ४८० रुपये.

२४ ऑगस्ट, शनिवार

प्रोग्राम चढवताना 'कनेक्टिंग' शब्दापुढे ठिपके पडत राहतात आणि शेवटी वेळ संपल्याचा संदेश येतो. बूट बटण दाबून धरलं की चढतो. कारण असं: नवा प्रोग्राम घ्यायचा तर रीसेट सुटतानाच्या क्षणी ईएसपी३२ ची शून्य नंबरची पिन खाली असावी लागते. बोर्डावरचे दोन ट्रान्झिस्टर ते आपोआप करतात, पण काही बोर्डांवर रीसेटची पिन फार लवकर वर येते. ईएन (हीच रीसेटची पिन) आणि ग्राउंड यांच्यामध्ये १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला, लांब पाय ईएनकडे. तेव्हापासून बटणाला हात लावलेला नाही. खर्च २ रुपये.

पहिला संदेश आला तो चौकोन आणि चिन्हांचा कचरा होता. सीरियल मॉनिटर (आलेले संदेश दाखवणारी खिडकी) ९६०० च्या वेगावर आणि प्रोग्राम १,१५,२०० वर. हे लगेच कळलं. इथे एक उपयोगाची गोष्ट: कचरा येणं ही चांगली खूण आहे. तार जोडलेली आहे, ग्राउंड आहे, समोरचा बोलतो आहे, फक्त वेग जुळत नाही. काहीच न येणं हा वेगळा आजार.

३१ ऑगस्ट, शनिवार

सेन्सर आला. ओल, तापमान, क्षारता, सामू आणि एनपीके (नत्र, स्फुरद, पालाश) असे सात आकडे देणारा, ५,८०० रुपये. आरएस-४८५ वर मॉडबस आरटीयू ही यंत्रांची भाषा बोलतो. मॉडबस १९७९ पासूनचा आहे आणि आमच्या शॉपमधल्या व्हीएफडीही (मोटारीचा वेग बदलणारे ड्राइव्ह) तोच बोलतात, म्हणून मला वाटलं हे काम अर्ध्या दिवसाचं.

मॅक्स४८५ चिपवालं निळं मॉड्यूल मी बोर्डाच्या टीएक्स० (पाठवण्याची) आणि आरएक्स० (घेण्याची) या पिनांना जोडलं, कारण नावं जुळत होती. प्रोग्राम चढणं बंद. या दोन पिना बोर्डावरच सीएच३४० ला जोडलेल्या असतात. माझं मॉड्यूल आरएक्स० वर स्वतःचा व्होल्टेज ढकलत होतं आणि लॅपटॉपचा आवाज त्याखाली दबत होता. मॉड्यूल काढून १६ आणि १७ नंबरच्या पिनांवर नेलं, म्हणजे दुसऱ्या यूएआरटीवर (सीरियल पोर्टवर). १६ वर घेणं, १७ वर पाठवणं. तुमच्या बोर्डावर रोव्हर मॉड्यूल असेल तर या दोन पिना जादा मेमरीसाठी वापरलेल्या असतात, दुसऱ्या निवडा.

प्रोग्राम चढला. सेन्सर गप्प.

२ सप्टेंबर, सोमवार

पोळ्याला उगावला गेलो. मामांनी बैलांच्या शिंगांना रंग लावता लावता विचारलं, "काय रे, झालं का तुझं मशीन?" म्हटलं, "मामा, अजून बोलत नाही ते." ते म्हणाले, "छाटणी दसऱ्याच्या आगेमागे धरलीय बरं का." तारीख पक्की झाली.

७ सप्टेंबर, शनिवार

गणपती बसले. मंडळाच्या लायटिंगचं काम माझ्याकडे, दहा दिवस संध्याकाळी हाताला वेळ नाही. जेवढं सुचेल तेवढं कागदावर.

१४ सप्टेंबर, शनिवार

या आठवड्यात आमच्या शॉपमधल्या सिनिअर वायरमननी जेवणाच्या सुट्टीत सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "लूपबॅक केला का?" नव्हता केला. ते म्हणाले, "मग तुला कसं कळलं की सेन्सर गप्प आहे? तुझा बोर्ड बहिरा नाही कशावरून?"

आज दुपारी तेवढंच केलं, आणि हे १५ ऑगस्टलाच करायला हवं होतं. साखळीचा एकेक तुकडा वेगळा घ्यायचा, त्याचं बोलणं त्याच्याच कानात घालायचं.

पहिला तुकडा, लॅपटॉप ते सीएच३४०. ईएन पिन ग्राउंडला जोडली की ईएसपी३२ रीसेटमध्ये राहतो आणि मध्ये बोलत नाही. मग टीएक्स० आणि आरएक्स० एका जंपरने जोडल्या. टर्मिनलमध्ये टाइप केलेलं प्रत्येक अक्षर परत आलं. जंपर काढला, बंद. म्हणजे केबल, ड्रायव्हर आणि चिप तिन्ही ठीक.

दुसरा तुकडा, ईएसपी३२ ची दुसरी यूएआरटी. १६ आणि १७ जोडल्या, प्रोग्राममधून एक ते शंभर आकडे पाठवले. शंभरच्या शंभर परत.

तिसरा तुकडा, आरएस-४८५ मॉड्यूल. त्याच्यासाठी दुसरी बाजू लागते, म्हणून यूएसबी ते आरएस-४८५ डोंगल आणलं, २२० रुपये. डोंगलवरून मॉड्यूलकडे पाठवलेलं ईएसपी३२ ला मिळेना. दोष आता या तुकड्यात अडकला होता.

लूपबॅकची एक मर्यादा लक्षात ठेवा. पाठवणारा आणि घेणारा एकच असल्यामुळे वेग चुकीचा असला तरी चाचणी पास होते. मला हे पुढे महागात पडलं.

१५ सप्टेंबर, रविवार

मॉड्यूल मी ३.३ व्होल्टवर चालवत होतो, ईएसपी३२ ला पाच व्होल्ट चालत नाहीत म्हणून. पण मॅक्स४८५ ही पाच व्होल्टची चिप आहे, तिच्या कागदावर ४.७५ ते ५.२५ लिहिलेलं आहे. ३.३ वर ती कधी चालते, कधी नाही. न चालणाऱ्यापेक्षा असं अर्धवट चालणारं जास्त फसवतं.

पाच व्होल्ट दिले. आता तिच्या आरओ पिनेवर (तारेवरून ऐकलेलं ईएसपी३२ ला देणाऱ्या) पाच व्होल्ट येणार, ते ईएसपी३२ ला थेट दिले तर पिन जाईल. म्हणून १ किलोओहम आणि २ किलोओहमच्या रेझिस्टरचा व्होल्टेज विभाजक. मधून ३.३३ व्होल्ट मिळायला हवेत. मिळाले १.६७. दोन्ही रेझिस्टर उलटे लागले होते, २ किलोओहमचा वर आणि १ चा खाली. या व्होल्टेजला ईएसपी३२ ना धड एक म्हणत, ना शून्य. मल्टिमीटर लावायच्या आधी अर्धा तास मी प्रोग्राममध्ये चूक शोधत होतो. रेझिस्टर अदलाबदल केले, डोंगलवरून पाठवलेलं वाक्य पूर्ण आलं.

नव्याने करणाऱ्यांनी हा विभाजक करूच नये असं माझं मत आहे. मॅक्स३४८५ चिपवालं ३.३ व्होल्टचं मॉड्यूल मिळतं, मला १४० रुपयांना मिळालं. पुढे बागेत मी तेच लावलं.

२१ सप्टेंबर, शनिवार

ऐकणं झालं, बोलणं राहिलं. ईएसपी३२ वरून आठ बाइटची विचारणा पाठवतो: ०१ ०३ ०० ०० ०० ०७ ०४ ०८. पत्ता एक, वाचायचं काम, शून्यापासून सात रजिस्टर (आकड्यांचे कप्पे), शेवटचे दोन बाइट तपासणीचे, म्हणजे सीआरसी. सीआरसीचा लहान बाइट आधी येतो. स्वतःचं सीआरसीचं फंक्शन लिहिलं असेल तर याच आठ बाइटवर तपासून घ्या, शेवटी ०४ ०८ आलं पाहिजे.

डोंगलवर मात्र एक मोडका बाइट दिसे, कधी तोही नाही.

मामेभावाच्या कॉलेजमधल्या मित्राकडे आठ चॅनेलचा छोटा लॉजिक अॅनलायझर (तारांवरचे सिग्नल पडद्यावर दाखवणारं यंत्र) बघितला आणि मीही एक घेतला, ७५० रुपये. या सगळ्या प्रकल्पात सगळ्यात सार्थकी लागलेले पैसे हेच. एक चॅनेल टीएक्सवर, एक डीई पिनेवर.

आरएस-४८५ मध्ये बोलायला आणि ऐकायला त्याच दोन तारा. बोलताना डीई वर करायची, बोलून झालं की खाली करून ऐकायचं. मी प्रोग्राममध्ये तेच क्रमाने लिहिलं होतं: डीई वर, पाठव, डीई खाली. पडद्यावर दिसलं ते असं. ९६०० च्या वेगाला एका बाइटला दहा बिट धरून साधारण १.०४ मिलिसेकंद लागतात, आठ बाइटना ८.३. टीएक्सवर हे ८.३ मिलिसेकंद बरोबर दिसत होते. पण डीई पहिला बाइटही पुरा होण्याआधी खाली आली होती. 'पाठव' म्हटल्यावर ईएसपी३२ बाइट स्वतःच्या साठ्यात ठेवतो आणि लगेच पुढच्या ओळीवर जातो. तारेवर ते नंतर सावकाश जातात. माझं वाक्य तोंडातून निघायच्या आतच मी तोंड बंद करत होतो.

तारेवर काय चाललंय हे इतके दिवस मी मनाने रचत होतो. आज पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं.

उपाय म्हणून पाठवल्यानंतर १०० मिलिसेकंद थांबायला सांगितलं. डोंगलवर आठही बाइट बरोबर आले. रात्री दहाला समाधानाने उठलो. सेन्सर अजून गप्पच होता, पण आता दोष त्याच्याकडे आहे अशी माझी समजूत झाली. ती निम्मीच खरी होती.

२८ सप्टेंबर, शनिवार

ईएसपी३२ बाजूला ठेवला. सेन्सर थेट डोंगलला जोडला, १२ व्होल्टचा अॅडॉप्टर, डोंगलचा ग्राउंड आणि अॅडॉप्टरचा ग्राउंड एकत्र. पायथॉनमध्ये छोटा प्रोग्राम लिहिला: वेग २४००, ४८००, ९६००, प्रत्येक वेगाला पत्ते १ ते २४७, सगळ्यांना हाक मारायची.

एकदा पूर्ण फेरी झाली, उत्तर नाही. ए आणि बी तारा उलट्या केल्या, पुन्हा फेरी. ४८०० वर, पत्ता १, उत्तर आलं!

म्हणजे दोन चुका एकाच वेळी होत्या. सेन्सरबरोबरच्या कागदावर ९६०० छापलं होतं आणि सेन्सर ४८०० वर होता. आणि ए-बीची नावं डोंगल आणि सेन्सर यांच्यात उलटी होती. वेगवेगळे बनवणारे ही नावं वेगवेगळी लावतात. उलटं जोडल्याने काही जळत नाही, म्हणून शंका आली की सरळ उलटं करून बघावं. पण एकट्या उलट्या तारांनी किंवा एकट्या बदललेल्या वेगाने मला उत्तर मिळालं नसतं, दोन्ही हवे होते. म्हणून हाताने एकेक बदल करून बघण्यापेक्षा सगळ्या जोड्या तपासणारा प्रोग्राम लिहा. वीस ओळींचा होतो.

सेन्सर तेव्हा घरच्या तुळशीच्या कुंडीत खोचलेला होता. उत्तराचे १९ बाइट, सुरुवात ०१ ०३ ०ई, पुढे ०१ ३ए, मग ०१ १०. हे बाइट हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पद्धतीत असतात. पहिला आकडा नेहमीच्या पद्धतीत ३१४, तो दहाने भागला की ओल ३१.४ टक्के. दुसरा २७२, म्हणजे २७.२ अंश. आईला बोलावून दाखवलं. तिने कुंडीला तांब्याभर पाणी घातलं आणि आम्ही दोघं आकडा वर जाताना बघत बसलो.

मग सेन्सर पुन्हा ईएसपी३२ ला जोडला, ४८०० वर. गप्प.

अॅनलायझर लावला. विचारणा पूर्ण जाते. सेन्सर काही मिलिसेकंदांतच उत्तर द्यायला लागतो. आणि माझी डीई त्या १०० मिलिसेकंदांच्या थांब्यामुळे अजून वरच असते. दोघं एकाच तारेवर एकाच वेळी बोलतात. सेन्सरच्या उत्तराचे १९ बाइट ४८०० च्या वेगाला जेमतेम ४० मिलिसेकंदांत संपतात. मी कान उघडेपर्यंत तो बोलून मोकळा झालेला. मागच्या शनिवारचा उपायच आजचा दोष होता, आणि सेन्सर चुकीच्या वेगावर असल्यामुळे तो आठवडाभर लपून राहिला.

खरा उपाय 'फ्लश'. पाठवल्यावर फ्लश म्हणायचं, तो शेवटचा बिट तारेवर जाईपर्यंत थांबतो, मग डीई खाली. मला हे फंक्शन माहीत होतं, पण एका जुन्या लेखात 'फ्लश केलं की आलेला डेटा पुसला जातो' असं वाचून मी ते टाळलं होतं. तो लेख त्याच्या काळात बरोबर होता. २०११ च्या अर्डुइनो १.० मध्ये फ्लशचा अर्थ बदलला, तेव्हापासून ते पाठवणं पूर्ण होण्याची वाट बघतं. जुना लेख वाचताना तो कधीचा आहे हे बघा.

रात्री ११:४० ला ईएसपी३२ वरून पहिलं पूर्ण उत्तर. त्यानंतर पाचशे वेळा विचारलं, पाचशे उत्तरं.

नंतरची भर: ईएसपी३२ च्या यूएआरटीत आरएस-४८५ साठी स्वतंत्र मोड आहे, त्यात आरटीएस पिन डीईचं काम स्वतःच करते. आता मी तोच वापरतो. पण आधी हाताने करून बघितल्यामुळे काय चाललंय ते कळलं.

२ ऑक्टोबर, बुधवार

गांधी जयंतीची सुट्टी. सकाळच्या गाडीने उगाव. मोटारीच्या खोलीत बोर्डाचा डबा, तिथून पाचव्या ओळीपर्यंत ६० मीटर कॅट-५ केबल. सेन्सर ड्रिपरपासून वीतभर अंतरावर, ३० सेंटिमीटर खोल. खड्ड्यातली माती परत भरताना पाणी घालून नीट दाबली, नाहीतर सुयांभोवती हवा राहते आणि ओल खोटी कमी दिसते.

दर पाच मिनिटांनी एक नोंद. दुपारपर्यंत सगळं सुरळीत. संध्याकाळी मोटार चालू झाली आणि बोर्ड रीसेट. लॅपटॉप जोडला तर यूएआरटीवर ब्राउनआउटचा संदेश. मोटार उचलताना व्होल्टेज पडतो, त्यात माझा अॅडॉप्टर कमी ताकदीचा. दोन अँपिअरचा लावला आणि पाच व्होल्टच्या बाजूला मोठा कपॅसिटर घातला. रीसेट थांबले.

५ ऑक्टोबर, शनिवार

पहिल्या चोवीस तासांतल्या २८८ नोंदींपैकी ४१ सीआरसीला नापास. घरी पाचशेपैकी एकही नव्हती.

सकाळी नाशिकहून निघताना कालिकेच्या यात्रेमुळे जुन्या आग्रा रोडला वळसा घालावा लागला, तेवढ्या वेळात डोक्यात केबलचा विचार चालू होता. आणि उगावला पोचल्यावर डबा उघडताच चूक दिसली. कॅट-५ मध्ये तारांच्या पिळलेल्या चार जोड्या असतात. मी ए साठी नारिंगी घेतली होती आणि बी साठी निळी. म्हणजे दोन वेगळ्या जोड्यांमधली एकेक तार. आरएस-४८५ दोन तारांमधला फरक वाचतो. त्या एकमेकींभोवती पिळलेल्या असल्या तरच बाहेरचा त्रास दोघींवर सारखा पडतो आणि फरकातून वजा होतो. रोज पॅनलमध्ये शील्डेड केबल ओढणाऱ्या माणसाकडून ही चूक व्हायला नको होती. घाईत रंग दिसायला वेगळे म्हणून घेतले, इतकंच कारण.

ए आणि बी आता नारिंगी आणि नारिंगी-पांढरी. १२ व्होल्ट आणि ग्राउंड तपकिरी जोडीवर. शिवाय माझी केबल मोटारीच्या केबलबरोबर एकाच पाइपमधून गेली होती, ती बाहेर काढून दोन फूट लांब नेली. दोन्ही टोकांना १२० ओहमचे रेझिस्टर लावले, सिग्नल टोकावरून उलटा परतू नये म्हणून. ६० मीटर आणि ४८०० च्या वेगाला त्याने मला काही फरक दिसला नाही, पण पुढे केबल वाढली तर असावेत.

पुढच्या चोवीस तासांत २८८ पैकी एक नापास. ती नोंद प्रोग्राम टाकून देतो आणि पुन्हा विचारतो.

१२ ऑक्टोबर, शनिवार, दसरा

डब्याला झेंडूचं फूल मामांनी लावलं. छाटणी परवापासून.

मामा रोज सकाळी माती दाबतात आणि मग मोबाइल बघतात. त्यांच्या वहीत दोन रकाने आहेत: लाडू आणि आकडा. माझ्या प्रोग्रामपेक्षा ही वही जास्त मोलाची आहे, कारण ३० टक्के म्हणजे या जमिनीत किती ओल, हे सेन्सर सांगत नाही. वहीवरून आता दिसतंय की आकडा २७ च्या खाली गेला की लाडू फुटतो. तुमच्या जमिनीत हा आकडा वेगळा येईल, तो तुम्हालाच काढावा लागेल.

एनपीकेचे आकडे मी मोबाइलवर दाखवतच नाही. सेन्सर नुसत्या नळाच्या पाण्यात बुडवला आणि चिमूट चिमूट मीठ टाकत गेलो, तर नत्र, स्फुरद, पालाश तिन्ही एकाच प्रमाणात वर चढले. मिठात यातलं काहीच नाही. या आकड्यांवर खत टाकायला मी मामांना सांगू शकत नाही. त्यासाठी माती प्रयोगशाळेतच न्यायची.

१९ ऑक्टोबर, शनिवार

आजवरचा खर्च ९,७४० रुपये, त्यातले ५,८०० एकट्या सेन्सरचे. गरज नसताना गेलेले: दुसरा बोर्ड आणि पाच व्होल्टचं मॉड्यूल मिळून ५५०. वेळ मोजला तर साधारण ६५ तास. पुन्हा करायचं झालं तर लूपबॅक, मल्टिमीटर आणि डोंगल या क्रमाने मी दोन शनिवारात करेन.

२६ ऑक्टोबर, शनिवार

मामांना ६० सेंटिमीटर खोलीवरही आकडा हवा होता, पाणी मुळांच्या खाली वाया जातंय का ते बघायला. नुसती ओल आणि तापमान देणारा सेन्सर आणला, २,९०० रुपये. त्याच दोन तारांवर जोडला आणि चालू असलेलं सगळं बंद पडलं.

या वेळी घाबरलो नाही. उत्तर येत होतं, पण सीआरसी चुकत होता. म्हणजे बोलणारा आहे, बोलणं बिघडतंय. दोन्ही सेन्सरचा कारखान्यातून आलेला पत्ता एकच, १. एक हाक मारली की दोघं ओ देत होते.

जुना सेन्सर काढला, नवा एकटाच डोंगलला जोडला. माझ्या सेन्सरच्या कागदाप्रमाणे पत्ता ०७डी० या रजिस्टरमध्ये असतो आणि वेग ०७डी१ मध्ये. पत्त्यात २ लिहिलं, वीज बंद करून चालू केली, पत्ता २ वर उत्तर आलं. सेन्सरच्या डोक्यावर पक्क्या मार्करने २ लिहिलं. मग दोघांना एकत्र जोडलं आणि आलटून पालटून विचारलं, दोन हाकांच्या मध्ये १०० मिलिसेकंदांची विश्रांती ठेवून.

पूर्ण कामाला पन्नास मिनिटं लागली.

२७ ऑक्टोबर, रविवार

सकाळी ६ ची नोंद: ३० सेंटिमीटरला २८.९ टक्के, ६० सेंटिमीटरला ३४.६. मामांचा फोन आला, लाडू वळतोय. ड्रिप त्यांनी उद्यावर ढकललं.